स्टेडियमसाठी मी दोनदा मत दिले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या स्टेडियमांवर एक लेख आला होता. तिकडे स्टेडियमसाठी कर लावायचा तर आधी काउंटीतल्या मतदारांना विचारतात आणि लोक नाही म्हणाले की विषय संपतो, असा त्याचा सूर होता. लेख मनापासून लिहिलेला होता. पण या प्रकारच्या मतपत्रिकेवर मी स्वतः दोनदा खूण केली आहे, दोन वेगळ्या राज्यांत, एकदा 'हो' आणि एकदा 'नाही'. दोन्ही वेळा विषय संपला नाही, म्हणून हे पत्र.

आधी लेखातली एक दुरुस्ती. काउंटी म्हणजे आपले जिल्हाधिकारी कार्यालय, असे त्यात म्हटले होते. तसे नाही. इथे काउंटी हे निवडून दिलेले सरकार असते. तुरुंग, शेरीफ म्हणजे काउंटीचे पोलीस, निवडणुका, शहराबाहेरचे रस्ते आणि घराची किंमत ठरवून त्यावर कर आकारणे ही कामे त्याच्याकडे असतात. अध्यक्ष कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, काउंटीत कोण बसले आहे हे विचारा, चांगले शिकलेले लोक गप्प होतात. मीही त्यांतलीच होते. वर्षातून एकदा कराचे बिल येते तेव्हा काउंटीची आठवण होते, एवढेच.

आम्ही 1984 मध्ये ओहायोतल्या सिनसिनाटीला आलो. ते शहर हॅमिल्टन काउंटीत आहे. मी एका लहान कंपनीत हिशेब लिहीत असे. 1995 मध्ये नागरिकत्व मिळाले आणि मार्च 1996 मध्ये पहिल्यांदा एखाद्या कराच्या प्रश्नावर मत द्यायची वेळ आली. विक्रीकर अर्ध्या सेंटने वाढवायचा, साडेपाच टक्क्यांचा सहा करायचा आणि त्यातून दोन स्टेडियम बांधायची, एक फुटबॉलच्या बेंगल्स संघाला आणि एक बेसबॉलच्या रेड्सना. फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट घालून खेळायचा.

त्या वेळची हवा सांगितल्याशिवाय माझे मत कळायचे नाही. चारच महिने आधी, 6 नोव्हेंबर 1995 ला, क्लीव्हलँडच्या ब्राउन्स संघाचे मालक आर्ट मॉडेल यांनी संघ बाल्टिमोरला नेतो म्हणून जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी तिथल्या काउंटीत जुन्या स्टेडियमच्या डागडुजीसाठीच्या करावर मतदान होते. लोकांनी भरभरून 'हो' म्हटले, तरी संघ गेला तो गेलाच. आमच्या ओहायोत तो धक्का घरातले कोणी गेल्यासारखा होता. पुढचा नंबर आपला, असे ऑफिसात जो तो बोलत होता. मला खेळातले ओ की ठो कळत नव्हते, पण आपण नवे नागरिक, गावाची अब्रू राखायला आपणही हातभार लावावा असे वाटले.

शिवाय एक आमिष होते. वाढीव करातले 30 टक्के पैसे घरमालकांना मालमत्ता करात सूट म्हणून परत मिळणार होते. मी हिशेब लिहिणारी बाई. दुकानात चार पैसे जास्त देऊ, घरपट्टीत परत घेऊ, असा सरळ जमाखर्च मांडला आणि 'हो'वर खूण केली. 61 टक्के लोकांनी तेच केले.

मतपत्रिकेवर फक्त कर होता. स्टेडियम काउंटीचे, संघ तिथला भाडेकरू. त्या दोघांतला भाडेकरार मतपत्रिकेवर नव्हता, तो नंतर झाला, आणि सगळे पाणी तिथे मुरले. करार वाचायला हवा हे मला तेव्हा सुचलेच नाही. सुचले असते तरी वाचणार काय? मतदानाच्या दिवशी तो कागद अस्तित्वातच नव्हता.

बेंगल्सचे स्टेडियम 2000 मध्ये उघडले, रेड्सचे 2003 मध्ये. खर्च अंदाजाच्या पुढे गेला, ते एक वेळ सोडून देऊ, घर बांधणाऱ्या कोणाचाही जातो. पण विक्रीकर दर वर्षी 3 टक्क्यांनी वाढत जाईल हे धरून सगळी गणिते केली होती आणि तो तसा वाढला नाही. करारातली कलमे मात्र वाढती होती. संघाने पहिली काही वर्षे भाडे द्यायचे, मग ते थांबायचे, आणि पुढे सामन्याच्या दिवशीचा खर्चसुद्धा काउंटीने उचलायचा. इतर स्टेडियमांत नव्या सोयी आल्या की आमच्याही स्टेडियमात काउंटीने त्या करून द्यायच्या. त्या यादीत होलोग्राफिक रिप्ले यंत्राचाही उल्लेख होता, म्हणजे मैदानावर हवेत चित्र उमटवून खेळ पुन्हा दाखवणारे यंत्र. ते तेव्हा कुठेच नव्हते. बाजारात नसलेली वस्तू द्यायचे वचन आमच्या पैशांवर देऊन ठेवले होते. नदीकाठी स्टेडियमशेजारी किती उंच इमारती बांधायच्या यातही संघाला शब्द होता.

या कराचे सगळ्यांत मोठे पुरस्कर्ते काउंटी आयुक्त बॉब बेडिंगहाउस 2000 ची निवडणूक हरले. पुढे त्यांना नोकरी मिळाली ती बेंगल्स संघात. त्यांना हरवणारे टॉड पोर्ट्यून याच करारावर टीका करून निवडून आले. नंतर काउंटीने संघावर आणि नॅशनल फुटबॉल लीगवर खटला भरला, तो फेटाळला गेला. करार कायदेशीर होता. वाईट असणे आणि बेकायदा असणे या दोन गोष्टी निराळ्या.

2010 साली काउंटीने स्टेडियमांवर 3 कोटी 46 लाख डॉलर खर्च केले, म्हणजे अर्थसंकल्पाच्या 16.4 टक्के. त्याच सुमारास ड्रेक हे काउंटीचे सार्वजनिक रुग्णालय विकले गेले. ज्या घरपट्टीच्या सुटीसाठी मी खूण केली होती, तिलाही कात्री लागली. आम्ही तोवर ओहायो सोडले होते, पण तिथले घर काही वर्षे आमच्याकडेच होते, त्याची बिले यायची. सूट ही त्या बिलातली वेगळी ओळ होती. सगळी बिले मी एका फाईलला लावून ठेवली आहेत. ती ओळ वर्षागणिक कशी बारीक होत गेली ते पानापानाला दिसते.

आता दुसरे मत.

यजमानांच्या नोकरीमुळे 2007 मध्ये आम्ही मिसूरीला आलो, कॅन्सस सिटीच्या पूर्वेला. ही जॅक्सन काउंटी. मराठी वाचकांचा इथे हमखास घोळ होतो म्हणून सांगते, कॅन्सस सिटी नावाची दोन शहरे शेजारी-शेजारी आहेत, मोठे मिसूरीत आणि धाकटे कॅन्ससात. मधली राज्यांची हद्द कित्येक ठिकाणी नुसता एक रस्ता आहे, त्याचे नावच स्टेट लाइन रोड. डावीकडच्या दुकानाचा कर एका राज्याला, उजवीकडच्या दुकानाचा दुसऱ्याला.

आमच्या काउंटीत दोन स्टेडियम एकाच आवारात आहेत. फुटबॉलच्या चीफ्स संघाचे ॲरोहेड 1972 चे, बेसबॉलच्या रॉयल्सचे 1973 चे. आवाराला नाव आहे हॅरी ट्रुमन यांचे. राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी ट्रुमन याच काउंटीचे कारभारी होते. पदाचे नाव न्यायाधीश, काम रस्ते आणि हिशेब. काउंटीचे रस्ते तेव्हा चिखलाचे होते. ट्रुमननी आधी दोन अभियंत्यांकडून सगळ्या रस्त्यांची पाहणी करून घेतली, कुठला रस्ता कुठून कुठे जाणार त्याचा आराखडा लोकांपुढे ठेवला आणि मग 1928 मध्ये त्यासाठीच्या कर्जरोख्यांना मते मागितली. लोकांनी ती दिली, रस्ते झाले. इंडिपेंडन्स गावातल्या त्यांच्या ग्रंथालयात हे कळले तेव्हा मला सिनसिनाटी आठवले. इथे मतदानाआधी कागद होता!

2006 मध्ये, आम्ही यायच्या आधी, जॅक्सन काउंटीने या दोन स्टेडियमांच्या नूतनीकरणासाठी एका सेंटचा तीन-अष्टमांश, म्हणजे 0.375 टक्के, विक्रीकर मंजूर केला होता. तो 2031 पर्यंतचा. 2 एप्रिल 2024 ला प्रश्न असा आला की तो रद्द करून तेवढाच कर नव्याने 40 वर्षांसाठी लावायचा का. चीफ्सना ॲरोहेड सुधारायचे होते, 80 कोटी डॉलरचे काम, त्यातले 30 कोटी संघ घालणार होता. रॉयल्सना मात्र जुनी जागा सोडून शहराच्या मध्यवस्तीत, क्रॉसरोड्स भागात, नवे मैदान हवे होते.

कर लहानसा आहे, हे मीही म्हणेन. महिन्याला 1200 डॉलरची खरेदी धरली तर साडेचार डॉलर. पण ओहायोत घरी शिजवायच्या जिनसांवर विक्रीकर नसतो, मिसूरीत काउंटीचा कर दूध-पिठावरही लागतो. चीफ्सचा एकही सामना न पाहिलेली विधवा शेजारीण आणि खासगी कक्षात बसून सामना पाहणारा वकील, दोघांना पिठाच्या पिशवीवर सारखाच कर. तोही 40 वर्षे. माझे तेव्हाचे वय सांगत नाही, पण तो कर संपताना मी नसणार हे नक्की.

मतदानाच्या सात आठवडे आधी चीफ्सनी सुपर बोल, म्हणजे फुटबॉलच्या हंगामाचा अंतिम सामना, जिंकला होता. गाव लाल रंगात न्हालेले होते. माझा मुलगा तर त्या दिवसांत लाल शर्टाशिवाय घराबाहेर पडत नसे. अशा वेळी 'नाही' म्हणणे म्हणजे लग्नघरात उधारीची वही उघडणे. दोन्ही संघ सांगत होते की कर नामंजूर झाला तर आम्हाला दुसरे पर्याय पाहावे लागतील. ऐकताच मला 1995 चा नोव्हेंबर आठवला. शब्द निराळे, चाल तीच.

मी या वेळी फाईल घेऊन बसले. विचारत होते एकच, भाडेकरार कुठे आहे? तो पूर्ण झालेला नव्हता. रॉयल्सनी जागा जाहीर केली तीच फेब्रुवारीत. तिथला एक मोठा रस्ता बंद होणार की उघडा राहणार, हे मतदान तोंडावर आले तरी बदलत होते. त्या भागातले दुकानदार विचारत होते की आमची इमारत पाडायच्या यादीत आहे का. भाडेकरूंची संघटना विरोधात उतरली होती. आणि पूर्वेकडच्या उपनगरांतले लोक, जे सामन्याच्या दिवशी पहाटेपासून पार्किंगमध्ये शेगड्या पेटवून बसतात, तेही नाखूश होते. एरवी या दोन गटांचे एकमेकांशी काही जुळत नाही.

विरोधकांतल्या एका माणसाविषयी लिहायलाच हवे. काउंटीचे तेव्हाचे प्रमुख फ्रँक व्हाइट. हे रॉयल्सचे जुने खेळाडू, 1973 ते 1990 पूर्ण कारकीर्द याच संघात, क्षेत्ररक्षणासाठीचे आठ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार, 1985 च्या विजेत्या संघातले. तरुणपणी या मैदानाच्या बांधकामावर त्यांनी मजुरीही केली होती. स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळा उभा आहे. अशा माणसाने जानेवारी 2024 मध्ये, हा प्रश्न मतपत्रिकेवर जाऊ नये म्हणून नकाराधिकार वापरला. काउंटीच्या विधिमंडळाने तो धुडकावला आणि मतदान झाले. 58 टक्के लोकांनी 'नाही' म्हटले. मीही.

म्हणून लोक व्हाइट यांच्यावर खूश झाले असतील असे वाटेल. पण मध्ये आले काउंटीचे दुसरे काम. 2023 मध्ये घरांच्या किमती नव्याने ठरवल्या गेल्या, सरासरी वाढ 30 टक्क्यांच्या घरात, त्यावर 50 हजारांहून जास्त हरकती. राज्याच्या कर आयोगाने नंतर वाढीवर 15 टक्क्यांची मर्यादा घालायला सांगितले, त्यावरून कोर्टबाजी. आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात दुसरा विषय नव्हता. शेवटी 30 सप्टेंबर 2025 ला मतदारांनी व्हाइट यांना पदावरून परत बोलावले, सुमारे 85 टक्के मतांनी. स्टेडियमच्या बाबतीत मला त्यांचे पटले होते, घरपट्टीच्या बाबतीत नाही, आणि मतपत्रिकेवर माणूस अर्धा ठेवायची सोय नसते. पुतळा आहे तिथेच आहे.

आता 'नाही'नंतर काय झाले ते. मतदानाला तीन महिनेही झाले नव्हते तेवढ्यात, जून 2024 मध्ये, शेजारच्या कॅन्ससच्या विधिमंडळाने खास अधिवेशन घेऊन कायदा केला. स्टार रोखे म्हणून त्यांच्याकडे एक प्रकार आहे. स्टेडियमभोवती हद्द आखायची, त्या हद्दीतला विक्रीकर रोखे फेडायला वळवायचा, आणि स्टेडियमच्या खर्चाचा 70 टक्क्यांपर्यंतचा वाटा असा उभा करायचा. मिसूरीने 2025 च्या जूनमध्ये खास अधिवेशन घेऊन निम्म्या खर्चाची तयारी दाखवली. याच दोन राज्यांनी 2019 मध्ये एकमेकांचे उद्योग पळवायचे नाहीत असा समझोता केला होता. 22 डिसेंबर 2025 ला चीफ्सनी जाहीर केले की ते कॅन्ससात, वायनडॉट काउंटीत, 3 अब्ज डॉलरचे छत असलेले स्टेडियम बांधून 2031 पासून तिकडे खेळणार. सार्वजनिक वाटा साधारण 60 टक्के. 2024 ला आमच्या काउंटीत 'हो की नाही' असे विचारले, तसे कॅन्ससच्या जनतेला कोणी विचारले नाही. मत मागितले तर लोक नाही म्हणू शकतात हे आमच्याकडे दिसले होते. मग मत मागावेच लागणार नाही असा रस्ता निघाला.

स्टार रोख्यांचे समर्थक म्हणतात, हा नवा कर नाही, स्टेडियम आल्यामुळे जो विक्रीकर वाढेल तोच वापरायचा. ऐकायला छान. पण एखादे कुटुंब शुक्रवारी जेवायला आमच्या भागातल्या हॉटेलात जायचे, ते आता स्टेडियमशेजारच्या हॉटेलात गेले, तर जेवण तेवढेच, पैसे तेवढेच, जागा बदलली. अर्थशास्त्रज्ञ एकमेकांशी सहसा सहमत होत नाहीत, पण स्टेडियमवर घातलेला सार्वजनिक पैसा स्थानिक उत्पन्नातून भरून निघत नाही यावर त्यांच्यात जवळजवळ एकमत आहे.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गंमत सांगते, आपल्या लेखात ती नव्हती. 1986 मध्ये अमेरिकी संसदेने करकायदा बदलला. खासगी संघांच्या स्टेडियमसाठी करमुक्त रोखे, म्हणजे ज्यांच्या व्याजावर कर लागत नाही आणि म्हणून जे स्वस्तात निघतात असे कर्जरोखे, काढणे थांबावे हा हेतू होता. नियम असा केला की वापर खासगी असेल तर रोख्यांच्या परतफेडीतले 10 टक्क्यांहून जास्त पैसे त्या स्टेडियमच्या उत्पन्नातून येता कामा नयेत, नाहीतर करमुक्ती गेली. खासदारांना वाटले, 90 टक्के स्वतःच्या खिशातून भरायला कुठली काउंटी तयार होईल? काउंट्या तयार झाल्या. आणि मग संघाकडून जास्त भाडे घेतले तर रोखे महाग होतात, म्हणून भाडे कमी ठेवणे हाच शहाणपणा ठरला. मी तीस वर्षे हिशेब लिहिले. भाडेकरूने भाडे दिले की मालकाचे नुकसान, असा व्यवहार दुसरीकडे पाहिला नाही.

सिनसिनाटीत जुना करार संपत आला तेव्हा 2025 मध्ये नवा झाला. स्टेडियमच्या सुधारणेला काउंटीचे 35 कोटी डॉलर, संघाचे 12 कोटी. तिथल्या मैत्रिणीने फोन करून सांगितले की या वेळी अटी पहिल्यापेक्षा बऱ्या आहेत. पहिल्यापेक्षा बऱ्या नसत्या तरच नवल.

मी 'नाही' म्हटले ते संघ नको म्हणून नव्हे. चीफ्स जाणार याचे वाईट मलाही वाटते. 22 डिसेंबरला मुलाचा निरोप आला, "आई, झालं तुझं समाधान?" मी उत्तर दिले नाही. रात्री त्याने फोन केला तेव्हा त्याला विचारले, कॅन्ससचा भाडेकरार वाचलास का? तो म्हणाला, तू आणि तुझे करार. मग थोडा वेळ आम्ही हवापाण्याचे बोललो. त्याचे म्हणणे असे की शंभर टक्के चांगला करार कधीच मिळत नसतो, आणि तो मिळेपर्यंत संघ थांबत नाहीत. हे खोटे नाही. पण पुन्हा तीच मतपत्रिका आली आणि तिच्यामागे पुन्हा करार नसला, तर मी पुन्हा 'नाही'च म्हणेन.

तेव्हा लोकांना विचारा असा जो आग्रह आपल्या लेखात धरला आहे, त्यात माझी एवढीच भर. विचारण्याआधी भाडेकरार पूर्ण लिहून, सह्यांसाठी तयार करून, ग्रंथालयात आणि वर्तमानपत्रात महिनाभर ठेवायला लावा. भाडे किती, दुरुस्ती कोणाची, कर कमी जमला तर तूट कोणाच्या गळ्यात, आणि संघाला सोडून जायचे झाले तर काय भरावे लागेल. चार प्रश्न आहेत, दोन पानांत मावतात. सिनसिनाटीत 1996 ला ही दोन पाने माझ्या हातात असती, तर नव्या नागरिकत्वाच्या भरातसुद्धा मी ती वाचली असती. सवयच ती.

ॲरोहेडमध्ये अजून काही हंगाम बाकी आहेत. मुलाने पुढच्या हंगामातल्या एका सामन्याला चलच म्हणून गळ घातली आहे. एवढी वर्षे ज्याच्यासाठी दुकानात पैसे भरले, ते आतून एकदा पाहायला हवे, म्हणून हो म्हटले आहे. तिकिटाची पावती मला दे, एवढे त्याला सांगून ठेवले आहे.

पत्र लांबले, हवे तिथे काटावे. आकडे मात्र काटू नयेत. नाव छापू नये ही विनंती. मुलगा आपला अंक इंटरनेटवर वाचतो. अर्थात त्याला ओळखायला नावाची गरज पडणार नाही.

आपली,
एक जुनी वाचक
जॅक्सन काउंटी, मिसूरी